ऊर्दाल मी सोडत नाही

ग्योरव्हॉग, ९ नोव्हेंबर

शेटिल,

तू पाठवलेला कागद पोचला. सोबतची चॉकलेटंही पोचली. चॉकलेटं मी शिक्षकांच्या खोलीत ठेवली, मधल्या सुट्टीत फस्त झाली. हक्क सोडल्याच्या त्या कागदावर सही केलेली नाही.

'एवढी एक औपचारिकता राहिली आहे,' असं तू लिहितोस. काल तू ऊर्दाल विकलंस त्या मासेवाल्या कंपनीच्या वकिलाचा फोन आला. नववीतल्या मुलीला सांगावं तशी त्याने मला ती औपचारिकता समजावून दिली. बापजाद्यांची जमीन घराबाहेर विकली गेली तर घरातल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत ती परत मागता येते, बाजारभावाने नाही तर शेतीच्या भावाने, आणि थोरल्याचा हक्क आधी. मी म्हटलं, "मी इतिहास शिकवते, हे मला ठाऊक आहे." तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "पंचाईत अशी झालीय बाई, तुमच्या भावाने खरेदीखतात लिहून दिलंय की असा हक्क असलेलं दुसरं कोणीही नाही."

मी त्याला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं.

दुसरं कोणीही नाही. मी तुझ्याहून थोरली. ऊर्दालपासून मोटारीने दहा मिनिटांवर, धक्क्यावरच्या पिवळ्या घरात राहते. तुझी नाताळची कार्डं इथेच येतात.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. बाबांना पुरून आल्यावर कॉफीच्या टेबलाशी शेजारच्या हाल्वारने विचारलं होतं, "मग आता ऊर्दाल कोण बघणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लेफ्सेच्या पोळ्यांची थाळी उचलून तुझ्यापुढे केली. तू एक पोळी घेतलीस. सगळे पुन्हा हवापाण्याविषयी बोलायला लागले. आपल्या गावात एवढ्याने ठरतं. तेव्हा मला तसंच ठरायला हवं होतं. मला बेर्गनला विद्यापीठात परत जायचं होतं. हे मी नाकारत नाही. पण ती थाळी मी तुझ्यापुढे केली होती, कंपनीपुढे नाही. आणि मी नाहीच, असं त्यात कुठे होतं?

हे पत्र संतापात लिहिलं आहे का, हे बघण्यासाठी दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज वाचलं. आहे. पण चूक काही सापडली नाही, म्हणून पाठवते.

योरुन


२ डिसेंबर

शेटिल,

तुझं 'योरुन, समजून घे' असलेलं पत्र वाचलं. समजून घ्यायचा प्रयत्न केला, त्यातून जे हाती लागलं ते असं.

कंपनीला ऊर्दालची खाडी का हवी, हे मला कळतं. समुद्राला लागून गोड्या पाण्याचा बारमाही ओढा, आडोसा, आणि किनाऱ्यालगतच खोल पाणी. सामन माशाची पिल्लं वाढवायला असली जागा या फ्योर्डमध्ये दुसरी नाही. तिथे पिल्लांचा कारखाना झाला तर गावातला मासे कापायचा कारखानाही इथेच राहील. नाही झाला, तर कंपनी दोन्ही घेऊन पलीकडच्या फ्योर्डमध्ये जाईल. हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यामुळे माझी सही झाली का, हेही सगळ्या गावाला माहीत करून घ्यायचं आहे.

दुकानात माग्नहिल्डने माझं दूध पिशवीत भरता भरता विचारलं, "काय गं, लिहायला पेन नाही का घरात? इथे आहेत, तीनचा जुडगा स्वस्त आहे."

मी म्हटलं, "पेन आहे. भाऊ नाही."

"अगं, भावाभावांत व्हायचंच."

"बहीणभावांत," मी म्हटलं.  तिने पावती दिली नाही. मीही मागितली नाही.

वर्गात मी दरवर्षी हे शिकवते. आधी हेरिंग मासा आला, पणजोबांनी बोटघर बांधलं. मासा एका हिवाळ्यात आलाच नाही, निम्मं गाव अमेरिकेला गेलं. मग डबाबंद माशांचा कारखाना आला, गावात पहिल्यांदा बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले. तो बंद पडला. मग बोगदा झाला. बोगद्याने गाव जगेल म्हणाले. झालं एवढंच की फेरीबोट बंद पडली आणि तिच्यावरचा कॅफेही. मग सामन. मी फळ्यावर बाण काढते, एकातून दुसरं निघतं असं दाखवते. मुलं विचारतात, "प्रत्येक वेळी कोणीतरी वाचवतंच ना आपल्याला?" मी 'हो' म्हणते. यंदा तो धडा पुढे ढकलला. कारण यंदा वाचवणारी किंवा बुडवणारी मी आहे, आणि फळ्याशी उभं राहून मला मजा वाटत होती. होय, मजा. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहू कसं?

तरी माझ्या हिशेबी मुख्य गोष्ट वेगळी आहे. आईचा ऊर्दालच्या आवारातल्या धाकट्या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क होता. तो सोडल्याशिवाय तुला विकता आलं नसतं. म्हणजे वृद्धाश्रमात, कंबरेचं हाड मोडून पडलेल्या बाईच्या हातात तू पेन दिलंस. ती मला रोज विचारते, मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या का. तू तिला सांगितलं आहेस म्हणे, हाल्वारकडे आहेत. शेटिल, त्या कत्तलखान्यात गेल्या. मी तिला ते सांगितलेलं नाही, म्हणून तू सुटलास असं समजू नकोस.

मी सही करणार नाही. एवढंच नव्हे, मी जमीन मागणार आहे. मग कंपनी तुला विचारेल की दुसरं कोणीही नव्हतं ना? मला तो दिवस बघायचा आहे.

योरुन


२७ डिसेंबर

शेटिल,

नाताळच्या संध्याकाळी फोन करून तू जे बोललास, त्याची मी त्याच रात्री डायरीत नोंद केली. आता उतरवून काढते. माझ्या बाजूने सोयीचं काही राहिलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, "तुला मेंढीचं तोंड बघवत नाही, तू शेती करणार?"

मी म्हटलं, "कायदा आवडीविषयी काही विचारत नाही."

"दहा वर्षं तिथे राहावं लागेल, स्वतः कसावी लागेल. माहीत आहे ना, बाईसाहेब?"

"माहीत आहे."

"बाबा होते तेव्हा सुट्टीतसुद्धा गवत कापायला येत नव्हतीस. मी समुद्रात तेलाच्या फलाटावर दोन आठवडे, घरी चार आठवडे, आणि ते चारही आठवडे गोठ्यात. बारा वर्षं! तू ग्रंथालयात बसून आमच्यावर निबंध लिहीत होतीस."

"निबंधाला पहिला नंबर होता," मी म्हटलं. तू शिवी दिलीस. 

मग तू वेगळ्याच आवाजात म्हणालास, "आईला विचार ना."

"तिला काय विचारू? तू तिला वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायला लावलीस ते?"

"तिला वाचता येतं योरुन," असं म्हणून तू फोन ठेवलास.

तुझ्या बारा वर्षांचं जे म्हणालास ते खरं आहे. मी नव्हते. तेव्हा ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि बरं वाटलं, कारण कोणीतरी ते करत होतं. हे श्रेय तुला द्यायला हवं, दिलं.

पण त्या बारा वर्षांचं बक्षीस म्हणून मला कागदावरून पुसायची मुभा मिळत नाही.

त्या रात्री आईसाठी मेंढीच्या खारवलेल्या फासळ्या नेल्या होत्या, दुकानातून आणलेल्या. तिने एक चाखली आणि म्हणाली, "या आपल्या नाहीत." मी म्हटलं, "नाहीत." तिने ताटली बाजूला सारली. मला वाटलं, मेंढ्यांचं तिला कळलं.

योरुन


४ फेब्रुवारी

शेटिल,

तू माणसं पाठवतोस की ती आपणहून येतात, कळत नाही. काल सेल्वरानी आली होती. कारखान्यातल्या कामगारांची प्रतिनिधी म्हणून, असं तिने दारातच सांगितलं, आणि बूट न काढता उभी राहिली. आपल्याकडे बूट न काढता कोणी घरात येत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी जाफन्याहून आलेल्या घरातल्या मुलीला तर हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"तुझ्याशी बोलायला आले. बसायला नाही."

"कॉफी?"

"तुझ्यापायी मला घर विकून बेर्गनचं तिकीट काढावं लागणार आहे, आणि वर तुझी कॉफी पिऊ? नको."

मी म्हटलं, मला वाईट वाटतं. ती हसली. "वाईट वाटून घ्यायला मोकळी आहेस तू, पगार सरकारी. आमच्या कारखान्यात चौसष्ट माणसं आहेत. निम्मी पोलिश, उरलेली आम्ही आणि तुमच्या हाल्वारची सून. माझी आई तिथे उभी राहून राहून पायांनी गेली. मी तिथे उभी राहते. आणि तू? तुला भावाचा राग आलाय!"

"त्याने माझं नाव..."

"ऐकलंय नावाचं. माझं नाव तुमच्या शाळेत पहिली तीन वर्षं 'सेल्मा' लिहायचे. मी कारखाना बंद पाडला का?"

 तिने दाराशी वळून विचारलं, "मेंढ्या ठेवणार आहेस म्हणे?"

"ठेवाव्या लागतील."

"तुला?" एवढंच म्हणाली, आणि पहिल्यांदाच मनापासून हसली. मीही हसले असते. पण ती निघून गेली होती.

मी रात्री सगळ्या कारणांची नीट छाननी केली. आईसाठी करते आहे, हे पहिलं. बाबांच्या श्रमांसाठी. खाडीतल्या पाण्यासाठी, कारण सामनच्या पिंजऱ्यांखाली तळाला काय साचतं ते पाणबुड्यांनी दाखवलं आहे. गावाच्या इतिहासासाठी. चार चांगली कारणं, आणि प्रत्येकामागे तू उभा. सेल्वरानीसमोर त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही.

आई मात्र खरी आहे. तिच्यासाठी हे न्याय्य आहे. ते तरी धरून राहते.

योरुन


२१ मार्च

शेटिल,

आज आईला सांगितलं.

सगळं सांगितलं, मेंढ्यांसकट. तिचा हात धरून म्हटलं, "तुझं घर मी परत आणते आहे. तू घरी येशील."

तिने हात काढून घेतला. "कुठल्या घरी?"

"ऊर्दालला."

"अगं बाई," ती म्हणाली, "मी मेले तरी त्या चढावर परत जाणार नाही."

मी समजले की औषधाची गुंगी आहे. तर ती उठून बसली, उशी नीट केली, आणि असं बोलायला लागली की कॉफी देणारी मुलगी थांबून ऐकत राहिली.

"तुला काय वाटतं, मला ते आवडायचं? चाळीस वर्षं सासूच्या चुलीशी. पाऊस आला की गवत, गवत वाळलं की मेंढ्या, मेंढ्या गेल्या की पाहुणे. मी कारखान्यात होते तेव्हा, लग्नाआधी, ते दिवस होते माझे! सळईवर मासे ओवायचे, ओळीने बायका बसायच्या, गाणी म्हणायचो. बोटं इतकी वेगात चालायची की फोरमन यायचा बघायला. शनिवारी पैसे, शनिवारी नाच. तुझ्या बाबांनी विचारलं आणि मी गाढवासारखी हो म्हटलं. लग्न झालं आणि कारखाना गेला माझा. पुढे तर बंदच पडला."

"मग रोज मेंढ्यांचं का विचारतेस?"

"मग काय विचारू तुला? तू येतेस, बसतेस, गप्प असतेस. काहीतरी विषय नको?"

मी विचारलं, "शेटिलने सही घेतली तुझी..."

"मीच त्याला म्हटलं विक. मासेवाल्यांना विक म्हटलं. तो कचरत होता, म्हणाला योरुनला विचारू. मी म्हटलं, तिला सांगू नकोस, तिने माझ्याविषयी काहीतरी सुंदर मनात धरलंय, राहू दे तिच्यापाशी." मग तिने कॉफीवाल्या मुलीकडे बघितलं. "दे गं, साखर घालून."

म्हणजे तू पाच महिने ते गिळून बसलास. नाताळला फोनवर तुला ते बोलता आलं असतं आणि मी तोंडावर आपटले असते. तू बोलला नाहीस. हे चांगुलपण आहे. मी ते नीट बघितलं, फिरवून बघितलं, खोट नाही.

मी खाली धक्क्यावर बसून राहिले. क्रूझचं पहिलं जहाज यायचं होतं, बाक रंगवत होते. एकेक करून सगळी कारणं गळाली. आईचं कारण गेलं. बाबांनी आईला काय दिलं ते कळलं, त्यांचंही गेलं. पाणी? पाण्यासाठी मी कधी सभेला गेले नाही. इतिहास? इतिहासाला माझी गरज नाही, तो माझ्याशिवायही दर तीस वर्षांनी गाव बुडवतो आणि वर काढतो.

तरीही एक वाक्य उरलं. दुसरं कोणीही नाही. ते आईने सांगितलं नव्हतं. ते तू लिहिलंस, तुझ्या हाताने, कारण मला विचारणं अवघड होतं आणि मी नसणं सोपं.

मुदत पंधरा एप्रिलला संपते. पाय मागे घ्यायला वेळ आहे. तुला वाटत असेल, आता मी घेईन.

योरुन


१० एप्रिल

शेटिल,

आज दावा दाखल केला.

कोणाच्याही वतीने नाही. आईला हवं म्हणून नाही, गावाच्या भल्यासाठी तर नक्कीच नाही. तू मला नसल्यात जमा केलंस आणि मला ते सहन होत नाही, एवढ्यासाठी. न्यायालयातल्या मुलीने विचारलं, "शेती करण्याचा अनुभव?" मी म्हटलं, "नाही." तिने मान वर केली. "इच्छा?" मी म्हटलं, "तो प्रश्न अर्जात आहे?" नव्हता.

हक्क असलेल्या इतरांची नावं विचारली होती. मी तुझं नाव लिहिलं, मग तुझ्या मुलीचं. पत्ता, जन्मतारीख, सगळं. खरं आहे म्हणून. आणि हो, तू करायला हवं होतंस तसं मला करून दाखवायचं होतं, तेही आहे.

परतताना गावात सेल्वरानी समोर आली. मला बघून तिने रस्ता ओलांडला.

योरुन


२३ मे

शेटिल,

कंपनी भांडली नाही. पलीकडच्या फ्योर्डमधली जागा त्यांनी हिवाळ्यातच बघून ठेवली होती म्हणे. माझ्याशी वर्षभर कोर्टात बसण्यापेक्षा त्यांना ते परवडलं. आता त्यांचा वकील तुझ्याशी काय बोलतो ते तू जाण. मासे कापायचा कारखाना शरद ऋतूत हलणार. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत कारखान्याचा बँड नव्हता. शाळेच्या अंगणात कॉफीच्या टेबलाशी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. माग्नहिल्डने मात्र लांबून मान हलवली, ती होकाराची होती की निषेधाची, ठरवता आलं नाही.

धक्क्यावरचं पिवळं घर विकलं. ऊर्दालला मोठ्या घरात राहते, खालच्या मजल्यावर, कारण वरच्या मजल्याला गळती आहे. नोकरी अर्धी केली. हाल्वारने सहा मेंढ्या दिल्या, उसन्या.

मला लोकरीने अंगावर चट्टे येतात. पहाटे ओलं गवत पायमोज्यांतून आत येतं. ओढ्याचा आवाज थांबत नाही. मी येऊन तीन आठवडे झाले आणि मला इथलं काहीही आवडलेलं नाही. आईला हे सांगितलं तर तिने इतकं हसून घेतलं की नर्स धावत आली. म्हणाली, "सांगितलं होतं ना?" आणि मला दर रविवारी तिच्यासाठी गावातल्या बातम्या आणायला सांगितल्या, मेंढ्यांच्या नकोत.

पश्चात्ताप झाला का, हे मी रोज तपासते. कारखान्याजवळून जाताना होतो. सेल्वरानीच्या घरावर 'विक्रीसाठी' अशी पाटी लागली आहे, तिथे सगळ्यात जास्त होतो. तुझा विचार केल्यावर होत नाही.

आज सकाळी एक मेंढी अडली. मी हाल्वारला फोन केला. तो येईपर्यंत मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून होते, हात लावायची हिंमत नव्हती. तो आला, बाही वर केली आणि म्हणाला, "घाबरतेस काय? मेंढी आहे, शिक्षणाधिकारी नाही. धर तिला."

धरलं. एक पिल्लू आलं, मग दुसरं. त्याने पेंढ्याने दोन्ही चोळली, आणि मग हात धुता धुता म्हणाला, "योरुन, तुला हे झेपायचं नाही. दहा वर्षं म्हणजे काय समजतेस? मधेच सोडलंस तर शेटिल पुन्हा मागू शकतो, किंवा त्याची पोरगी."

"म्हणूनच सोडणार नाही."

"आवडत नाही तुला."

"नाही."

"मग करतेस कशाला? कोणाला दिसणार आहे इथे? त्याला तर नाहीच, तो स्टावांगरला."

"मी त्याला कळवेन," मी म्हटलं.

 हाल्वारने टोपी घातली आणि तो कॉफी न घेता गेला.

दुसरं पिल्लू दुपारी मेलं. मी ते ओढ्यापलीकडे पुरलं, जमीन दगडाळ आहे, वेळ लागला. पहिलं उभं राहिलं आहे आणि पितं आहे.

योरुन
ऊर्दाल